सावल्या काढून टाकलेली गाडी

क्लेम रजच्या हातात गाडी असली की ती थांबली हे कळायला खिडकीबाहेर बघावं लागे. हे मी उगाच म्हणत नाही. मी त्या गाडीचा गार्ड होतो, आणि गाडीतला प्रत्येक गचका शेवटी गार्डाच्या पाठीत येऊन थांबतो. पुढे ड्रायव्हरनं ब्रेकला हिसका दिला की गव्हाचे डबे एकामागून एक आदळत येतात आणि शेवटचा दणका शेपटाला बसतो. दुसऱ्या ड्रायव्हरांच्या गाडीवर मी एका हातानं खांब धरून दुसऱ्या हातानं चहा प्यायचो. क्लेमच्या गाडीवर चहा पिता पिता पेपर वाचायचो.

आमची लाईन कूरापिलहून निघायची आणि ऑस्ट्रेलियातल्या मॅली झुडपांच्या लाल मातीतून नलारला जायची. पुढे इंजिन, मग गव्हाचे डबे, मग माणसांसाठी एकच लाकडी डबा आणि त्याला चिकटून माझी व्हॅन, म्हणजे गार्डाचा डबा. त्या लाकडी डब्यात खिडकीशी, मांडीवर पिशवी ठेवून, क्लेमची बायको विन्सम बसलेली असे. ती मूळची नलारची. फलाटासमोरच पांढऱ्या कुंपणाचं तिचं माहेर. आईला भेटायला ती आमच्याच गाडीनं जायची. नवरा पुढे, बायको मागे, आणि दोघांच्या मध्ये अख्ख्या तालुक्याचा गहू.

आमच्याकडे गाडीतून उतरताना ड्रायव्हरचे आभार मानल्याशिवाय कोणी घरी जात नाही. बस असो, आगगाडी असो, लहान पोरंसुद्धा ओरडून जातात. विन्सम मात्र ओरडायची नाही. नलारला उतरली की टोपी सारखी करायची, गव्हाच्या डब्यांच्या कडेकडेनं पार इंजिनापर्यंत चालत जायची, आणि चेहरा अगदी परक्या बाईसारखा करून म्हणायची, "आभारी आहे, ड्रायव्हर. फार अलगद आणलंत."

क्लेमही टोपीला हात लावून गंभीरपणे म्हणायचा, "पुन्हा या हं, बाई."

फलाटावरचे लोक हसायचे. लग्नाला वर्षं झाली, मुलगी मेरेडिथ शाळेत जायला लागली, तरी हा खेळ संपला नाही. मी एकदा तिला विचारलं, "अगं, उन्हातून एवढं लांब कशाला चालत जातेस? हात हलव की इथूनच."

ती म्हणाली, "त्याला मागे वळून बघायची सोय नाही. मग मलाच पुढे जायला हवं."

पुढे गहू ट्रकनं जाऊ लागला. लाईन बंद झाली, रूळ उचलले गेले. नलारची वस्ती उठली, विन्समची आई तर त्याच्याही आधी गेली. आज तिथे गव्हाचं उंच पांढरं कोठार तेवढं उभं आहे, बाकी नुसतं रान आणि गुलाबी काकाकुवे. आम्ही निवृत्त झालो. क्लेमनं घरामागे टोमॅटो लावले, मी समोरच्या गल्लीत राहून त्याच्या टोमॅटोंना नावं ठेवू लागलो. असं बरं चाललं होतं.

मग विन्समचं विसरणं सुरू झालं. आधी भांडी कुठे ठेवली ते विसरली, मग शेजारणींची नावं, मग मेरेडिथचं लग्न. क्लेमला ती कधी 'अरे' म्हणायची, कधी नुसतीच बघत राहायची. पण एक गोष्ट पक्की होती. दुपारचे चार झाले की ती टोपी घालायची, पिशवी उचलायची आणि जाळीचं दार ढकलून स्टेशनाकडे निघायची. चारची गाडी पकडून आईकडे जायचं असायचं तिला. स्टेशन नाही म्हटलं तर रडायची, हात धरला तर चावायची. एकदा ती मोठ्या रस्त्यावर सापडली. गव्हाचे ट्रक दोन्ही बाजूंनी चालले होते आणि ही मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर, रुळावरून चालावं तशी.

मेरेडिथ अ‍ॅडलेडहून धावत आली. बापाला म्हणाली, "बाबा, आता पुरे. तिकडे माझ्या घराजवळ अशा विसरणाऱ्या माणसांसाठी चांगलं आश्रयघर आहे, रात्रंदिवस माणसं असतात. पुढच्या महिन्यात जागा होतेय."

"ती कूरापिल सोडून राहील?"

"ती कूरापिलात राहतेय कुठे, बाबा? ती नलारला जायला निघालीय."

क्लेम म्हणाला, "पुढच्या महिन्यात ये. तोवर मी तिला नलारला नेऊन आणतो. चारचं तिचं हिंडणं थांबलं, तर राहू दे तिला. नाही थांबलं, तर मी स्वतः गाडीत बसवून देतो."

मेरेडिथनं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. मला वाटलं, याचंही डोकं फिरलं.

तसं नव्हतं. जिलाँगला मिलोश म्हणून एक जमीनमोजणीवाला राहतो. बंद पडलेल्या लाईनी संगणकाच्या खेळात पुन्हा उभ्या करायचा त्याला नाद. जुने फोटो आणि नकाशे जमवून त्यानं आमची अख्खी लाईन बनवली होती. मध्ये फोन करून करून क्लेमला विचारायचा, नलारच्या फलाटाला उतार कुठल्या बाजूला, पाण्याची टाकी किती उंच. मेरेडिथचा जुना संगणक घरात पडून होता. मिलोशनं फोनवरून सांगितलं आणि आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी चुका करत करत तो खेळ त्यात उतरवला. पडद्यावर कूरापिलचं स्टेशन उगवलं, तेव्हा क्लेमनं खुर्चीवरून उठून टोपी काढली.

पहिल्याच दिवशी चार वाजता त्यानं विन्समला शेजारी खुर्ची दिली. ती पिशवी मांडीवर घेऊन बसली. गाडी सुटली. पडद्यावरून मॅलीची झुडपं मागे जाऊ लागली आणि तिचे खांदे हळूहळू खाली आले. मी दारात उभा होतो. इतके महिने वर ताणलेले ते खांदे खाली आलेले मी डोळ्यांनी पाहिले.

आणि तेवढ्यात गाडी अडखळली. चित्र थबकलं, मग एकदम पुढे उडी मारून गेलं. विन्सम किंचाळली. "थांबव! रुळावर आलं कोणीतरी! थांबव रे!"

आम्हा दोघांना कळलं ती कशाबद्दल बोलतेय ते. पूर्वी एकदा डॉसनांच्या शेतापाशी, रुळावरच्या फाटकावर, त्यांचा थोरला मुलगा पिकअप घेऊन आडवा आला होता. क्लेमच्या गाडीला आयुष्यात तेवढा एकच गचका बसला, आणि त्या दिवशी विन्सम मागच्या डब्यात होती. ती बाकी सगळं विसरली होती, तो गचका नाही.

त्या संध्याकाळी तिला शांत करता करता अंधार पडला. क्लेम मान खाली घालून म्हणाला, "हात गेला माझा, शेपट्या." मला तो शेपट्याच म्हणतो, शेपटाला बसायचो म्हणून.

"वेगाचा थ्रॉटल एकदम ओढलास तू," मी म्हणालो. "शेपटाला कळतं ते."

"शेपटाला काय कळतं? तू तर पेपर वाचायचास."

मग आठवडाभर आम्ही एक वेडेपणा केला, जो फक्त आगगाडीचीच माणसं करतील. सकाळभर बसून क्लेम हात सुधारत राहिला. डब्यांमधल्या साखळ्या आधी हलकेच ताणून घे, मग एकेक खाच थ्रॉटल वाढव, उताराच्या आधीच ब्रेकला नुसतं बोट लाव. खऱ्या गाडीवर याहून नाजूक काम त्यानं केलं नसेल. मी मागे बसून डोळे मिटून गचके मोजायचो आणि ओरडायचो, "आला! हा बघ आला!" गचके तेवढेच. शेवटी वैतागून त्यानं मिलोशला फोन लावला आणि विचारलं की तुझ्या गाडीचे ब्रेक कोणी बसवलेत.

पलीकडून मिलोश इतका हसला की मला बाजूला बसून ऐकू आलं. "अहो क्लेम, तुमचा हात सोन्यासारखा आहे. गाडी नाही अडखळत, चित्र अडखळतंय. तुमच्या संगणकाला दम लागलाय. प्रत्येक पान, प्रत्येक गवताची काडी, प्रत्येक सावली तो बिचारा क्षणाक्षणाला नव्यानं काढतो. सेटिंग्जमध्ये जा आणि त्याचं ओझं कमी करा."

क्लेमनं फोन ठेवला. तोंडावर पहिल्यांदा तरतरी आली. "शेपट्या, इंजिनाला चढ झेपत नसेल तर काय करतो आपण?"

"डबे सोडतो."

"मग सोडू या."

सेटिंग्जच्या पानावर एकाखाली एक दांड्या होत्या, डावीकडे सरकवली की कमी, उजवीकडे की जास्त. सावल्या, गवताची दाटी, झाडांची पानं, पाण्यातली प्रतिबिंबं, ढग, किती लांबवरचं दिसावं ते. क्लेमनं सगळ्या एकदम डावीकडे ओढल्या. गाडी लोण्यासारखी धावली. मी डोळे मिटून बसलो आणि खरंच सांगतो, मला माझी व्हॅन आठवली.

चार वाजता विन्सम येऊन बसली. जरा वेळ बघत राहिली. तिच्या कपाळावर आठी पडली. रान उघडंबोडकं होतं, झाडं म्हणजे हिरवे पुठ्ठे, आणि लांबचं काही दिसतच नव्हतं. धुक्यातून एकेक वस्तू अचानक समोर येऊन उभी राहायची.

"ही कुठली गाडी?" ती म्हणाली.

"नलारची, राणी."

"खोटं बोलतोस. नलारचं कोठार कुठाय? मला फसवून दुसरीकडे नेतोयस." ती उठली, पिशवी घेतली आणि दाराकडे गेली. मी जाळीच्या दारापुढे आडवा उभा राहिलो. तिनं पिशवी माझ्या छातीवर मारली.

मिलोश म्हणाला नवा संगणक घ्या. पण तो मागवून येईतो मेरेडिथची तारीख येणार. काही सोडायचं होतं, काही ठेवायचं होतं, आणि कुठलं काय ते आम्हाला ठाऊक नव्हतं. क्लेमला झाडं नसली तरी चालत होतं, त्याला ती लाईन आंधळेपणीही आली असती. माझं म्हणाल तर मी सगळी वर्षं मागे बघत प्रवास केला. पुढून येताना नलार कसं दिसतं ते मलाही धड माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चारला क्लेमनं पुन्हा सगळ्या दांड्या उजवीकडे केल्या. मग आपली खुर्ची ओढली, पडद्याकडे पाठ केली आणि विन्समसमोर तोंड करून बसला. मला म्हणाला, "तू चालव."

"मी?" सगळ्या नोकरीत त्यानं मला थ्रॉटलला बोट लावू दिलं नव्हतं.

"हळू चालव. खूप हळू. हळू गेलं की कमी अडखळतं. आणि मी सांगेन तेव्हा सांग, बाहेर काय दिसतंय."

मी गाडी मुंगीच्या पावलानं नेली आणि क्लेम बायकोच्या डोळ्यांकडे बघत राहिला. "आता हिनं मान वळवली. काय आहे?"

"मिरीसारख्या दाण्यांची ती लोंबती झाडं. पाण्याच्या पंपाशेजारची."

"झाडं ठेवायची. आता?"

"तळं आहे. त्यात आभाळ चमकतंय. छान केलंय पोरानं."

"बघतच नाहीये ती. प्रतिबिंबं सोड. आता?"

"गवत."

"सोड. ढग?"

"ढग आहेत."

"वर बघितलंच नाही तिनं. सोड. आता... आता बघ, टोपीला हात गेला! काय दिसलं?"

मला आधी काहीच दिसेना. मग दिसलं. क्षितिजावर, झुडपांच्या पार पलीकडे, तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. नलारचं कोठार. ते दिसलं की टोपी सारखी करायची, पिशवीचा बंद बघायचा, म्हणजे फलाट येईतो माणूस तयार. लांबचं दिसणं काढून आम्ही तिचं माहेरच काढून टाकलं होतं.

"लांबचं सगळं ठेव," क्लेम म्हणाला. "सावल्या काढ. सावल्यांकडे ती कधीच बघत नाही."

असे कित्येक दिवस गेले. दर चारला मी चालवायचो आणि तो तिच्याकडे बघत बसायचा. एकदा मला हळूच म्हणाला, "शेपट्या, ही गाडीत बसलेली कशी दिसते ते मी कधी पाहिलंच नव्हतं रे. तू रोज बघायचास." मी थ्रॉटलकडे बघत राहिलो.

सावल्या गेल्या, गवत गेलं, तळ्यातलं आभाळ गेलं. झाडं राहिली, लांबचं राहिलं, पांढरं कुंपण राहिलं. जे तिला हवं होतं तेवढंच ओझं घेऊन गाडी पुन्हा पूर्ण वेगानं धावू लागली, आणि एकही गचका नाही. विन्सम रोज बसायची. दार ढकलणं थांबलं. मध्येच बोलायची, आईनं चहाबरोबर खायला स्कोन भाजले असतील, बाबांना संत्र्याचा मुरंबा आवडतो. पण कोठार दिसलं आणि गाडी थोडी पुढे गेली की तिला डुलकी लागायची. फलाटापर्यंत जागी अशी ती एकदाही पोचली नव्हती. क्लेम म्हणायचा, "एकदा पोचू दे. फलाटावर पोचली की मला ओळखेल बघ. तिथे ती मला कधी चुकलेली नाही."

त्याला खरं तर हेच हवं होतं. मेरेडिथला दाखवायचं, आश्रयघर टाळायचं, ते होतंच. पण रोज दाढी करून, जुनी ड्रायव्हरची टोपी घालून तो बसायचा ते कशासाठी, हे मला कळत होतं.

मेरेडिथ आली त्या दिवशी उकाडा होता. तिनं येताना लॅमिंग्टन, खोबऱ्याचा कीस लावलेले केक, आणले होते. त्यातला एक आईच्या हातात दिला, आणि विन्सम म्हणाली, "किती गुणाची मुलगी! कोणाची गं तू?" मेरेडिथ स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहिली.

चार वाजले. विन्सम टोपी घालून आली आणि न सांगता आपल्या खुर्चीवर बसली. आज थ्रॉटलवर क्लेम स्वतः होता. गाडी कूरापिलातून निघाली ती कळलीसुद्धा नाही. पंप गेला, मिरीची झाडं गेली, डॉसनांचं फाटक गेलं. फाटकापाशी मी श्वास रोखून होतो, पण विन्समनं नुसतं बाहेर बघितलं. मग क्षितिजावर तो पांढरा दाणा उगवला. तिनं टोपी सारखी केली. पिशवीचा बंद बघितला. आज तिला झोप आली नाही.

कोठार मोठं होत गेलं. फलाट आला, पांढरं कुंपण आलं. क्लेमनं ब्रेकला नुसतं बोट लावलं. मी गार्ड म्हणून सांगतो, एवढी अलगद गाडी त्यानं खऱ्या रुळावरही कधी थांबवली नसेल. थांबली हे कळायला मला पडद्याकडे नीट बघावं लागलं.

विन्सम उठली. खुर्चीच्या कडेनं दोन पावलं चालत क्लेमच्या शेजारी येऊन उभी राहिली. ताठ उभी राहून, अगदी परक्या बाईसारखा चेहरा करून म्हणाली, "आभारी आहे, ड्रायव्हर. फार अलगद आणलंत."

क्लेमचा चेहरा उजळला. मेरेडिथनं तोंडावर हात घेतला. लहानपणी ती त्याच फलाटावर आईचा हात धरून उभी असायची. क्लेमनं टोपीला हात लावला. "पुन्हा या हं, बाई," तो म्हणाला, आणि हसत हसत दोन्ही हात तिच्याकडे पसरले.

विन्सम एक पाऊल मागे सरली. रागावून नव्हे, सभ्यपणे, अनोळखी माणसापासून सरावं तशी.

"माझा नवरासुद्धा ड्रायव्हर आहे," ती म्हणाली. "त्याचा हातही असाच आहे, तुमच्यासारखा. मला न्यायला तो इथे यायचा होता." तिनं पडद्यावरच्या रिकाम्या फलाटाकडे बघितलं. "तुम्हाला वाटेत दिसला का हो?"

क्लेमचे पसरलेले हात तसेच राहिले. मग ते हळूहळू खाली आले. तो म्हणाला, "दिसला की. येतोय तो, मागच्या गाडीनं."

"मग मी बसते," ती समाधानानं म्हणाली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली.

क्लेम उठला. टोपी काढून टेबलावर ठेवली आणि मागच्या दारानं बाहेर गेला. मला वाटलं रडायला गेला. खिडकीतून बघतो तर नळावर तोंड धुतलं, केसांवर ओला हात फिरवला, टोमॅटोच्या वाफ्यापासून पाण्याच्या टाकीला वळसा घालून घराच्या पुढच्या बाजूला आला आणि जाळीच्या दारावर टकटक केली. नवरा न्यायला आला होता.

मी दार उघडलं. तो आत आला आणि विन्समसमोर उभा राहिला. "आलो गं, विन," तो म्हणाला.

तिनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. ओळखीचं हसू तिच्या तोंडावर आलं. आम्ही तिघंही तसेच थांबलो.

"अगंबाई, ड्रायव्हर!" ती म्हणाली. "अजून तुमची गाडी सुटली नाही?"

मेरेडिथ माझ्या मागून पुढे आली आणि अगदी हळू म्हणाली, "बाबा, मी त्यांना फोन करते. जागा नको म्हणून सांगते. आईला इथेच राहू दे." क्लेमला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. त्यानं भिंतीशी असलेली दुसरी खुर्ची ओढली आणि विन्समच्या शेजारी मांडली, पडद्याकडे तोंड करून.

"सिग्नल नाही अजून, बाई," तो म्हणाला. "तुमची हरकत नसेल तर मीही इथेच बसतो."

"बसा ना," ती म्हणाली, आणि त्याला जागा व्हावी म्हणून पिशवी आपल्याकडे ओढून घेतली.

समोर नलारचा फलाट, कडक ऊन, पांढरं कुंपण, आणि कशाचीच सावली नव्हती. इंजिन चालू होतं. दोघं एकाच वाटेकडे बघत बसली होती. बऱ्याच वेळानं विन्समला डुलकी लागली, तेव्हा तिचं डोकं क्लेमच्या खांद्यावर आलं. तो हलला नाही. त्याच्या हातात गाडी असल्यासारखा तो बसून राहिला.